राठोड मॅडमचा टोपीवाला इनर

आमच्या कॉलेजच्या वाचनालयात तीन गोष्टी कायम चालू असतात: एक पंखा, एक सॉकेट आणि मी, म्हणजे ग्रंथपाल. मोबाइल चार्जिंगला लावायला सगळा स्टाफ माझ्याकडे येतो आणि चार्ज होईपर्यंत बोलत बसतो. किस्से असेच साठतात. पुस्तकं कुणी नेत नाही, किस्से मात्र सगळे घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी बदलून परत आणतात! म्हणून ह्या हिवाळ्यातले किस्से मीच सांगते. माझ्यासमोर घडले तेवढेच.

तर, आमच्या खेळाच्या शिक्षिका राठोड मॅडम. वय अडतीस, हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यावरच्या. एकोणीस वर्षांच्या असताना धावण्याच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली होती आणि निघायच्या आठवड्यातच उजवा कान वाहायला लागला. पडद्याला भोक होतं. आईनं घरी बसवलं. नंतरची सगळी वर्षं मॅडम दुसऱ्यांच्या पोरींना धावायला शिकवत राहिल्या. दोन वर्षांपूर्वी नांदेडला ऑपरेशन झालं, भोक बुजलं. आणि ह्या दिवाळीत त्या माझ्याकडे मोबाइल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी हिमाचलात बर्फावर स्की शिकायला जाऊन राहिले. फॉर्म भरला."

मी म्हटलं, "कान?"

"त्याच्यासाठीच आले ना तुमच्याकडं!"

नांदेडच्या डॉक्टरांनी एकच अट घातली होती. कानावर थेट वारा नको आणि कान कोरडा राहिला पाहिजे, बाकी खुशाल जा. कोर्सवाल्यांच्या यादीत लिहिलं होतं की अंगाला चिकटून बसणारा, टोपी जोडलेला पातळ इनर आणा. टोपी हेल्मेटच्या आत बसली पाहिजे. शेवटचे दोन दिवस टूरिंग, म्हणजे स्की पायात बांधून डोंगर चढायचा आणि मग घसरत उतरायचं. चढताना घाम आणि उतरताना वारा. म्हणजे मॅडमचं जाणं न जाणं ह्या एका कपड्यावर येऊन अडकलं. असा कपडा हिंगोली जिल्ह्यात आमच्यापैकी कुणी बघितलेला नव्हता, त्यामुळे सल्ला द्यायला सगळेच तयार होते.

* * *

पहिल्यांदा आम्ही दोघी हिंगोलीच्या एका रेडिमेड दुकानात गेलो. मॅडमनी नीट समजावून सांगितलं. पातळ पाहिजे, गरम पाहिजे, गळ्यापर्यंत चेन, मागून लांब, म्हणजे वाकलं तरी कंबर उघडी पडणार नाही.

दुकानदार मान डोलावत होता. "थर्मल. समज गया. बराबर." त्यानं टेप गळ्यातून काढला, वहीचं पान उघडलं, पेन्सिल घेतली.

"हां मॅडम, आजोबांची छाती सांगा."

आमच्याकडे थर्मल कोण घालतं, हे त्या माणसाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं! शेवटी त्यानं टोपीचा एक जाड सुती शर्ट दिला. तो माझा मुलगा आता अभ्यासाला बसताना घालतो.

* * *

मग ऑनलाइन दोन मागवले. एक पॉलिएस्टरचा आणि एक बारीक लोकरीचा. दोन्हींना टोपी, दोन्ही काळे. आता ह्यातला कुठला? इथं कांबळे सर मध्ये आले. कांबळे सर केमिस्ट्री शिकवतात आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय मानत नाहीत. लग्नाच्या पंगतीत सुद्धा ते जिलेबी हातात तोलून बघतात.

"दोन्हीला सारखं पाणी पाजू," ते म्हणाले, "आणि कोणतं आधी सुकतं ते बघू. तुलनेला सुती पाहिजे."

सुती कुठून आणायचं? सर मागच्या खोलीत गेले आणि स्वतःचं बनियन काढून घेऊन आले. तीन कपडे ओले करून, वजन करून लॅबमध्ये दोरीवर टांगले. चिठ्ठ्या लावल्या, अ, ब आणि क.

नेमकी त्याच दिवशी तपासणीची कमिटी आली! प्राचार्य त्यांना घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले आणि समोर बनियन. आमचे प्राचार्य तसे घाबरट, पण त्या दिवशी डगमगले नाहीत. "प्रात्यक्षिक चालू आहे," म्हणाले. कमिटीच्या साहेबांनी चिठ्ठ्या वाचल्या, वजनांचा तक्ता बघितला आणि खूश होऊन काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी सरांना विचारलं, "निष्कर्ष काय निघाला?"

पॉलिएस्टर सगळ्यात आधी सुकलं होतं. लोकर थोडी दमट होती, पण हाताला गार लागत नव्हती. बनियन मात्र अजून ठिबकत होतं. कांबळे सरांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "सुती घेऊन बर्फात जाऊ नये, सर. कॉलेजातबी येऊ नये."

* * *

मॅडमच्या आईला तांड्यावर सगळे याडी म्हणतात, म्हणजे आईच. याडीचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं: जायचं नाही. मी मॅडमसोबत मध्यस्थी करायला गेले. याडी अंगणात तूर पाखडत बसली होती. मी काळा इनर तिच्या हातात दिला. तिनं तो उन्हात धरला आणि त्यातून माझ्याकडे बघितलं.

"ह्यातून तर तुमी दिसून राहिल्या. वारा काय आंधळा हाय?"

मग आत जाऊन तिनं माकडटोपी आणली. जाडजूड, तपकिरी, मॅडमच्या वडिलांची. "ही घाल म्हणावं, मग बघू." मॅडमनी घातली आणि वरून मी मागून आणलेलं कांबळे सरांचं मोटारसायकलचं हेल्मेट घालायला घेतलं. आमच्या सगळ्या स्टाफमध्ये तेवढंच एक हेल्मेट. ते कपाळावरच अडकलं. याडीनं वरून दोन्ही हातांनी दाबलं. तरी जाईना.

"याडी, टोपी जाड हाय, म्हणून बसून न्हाई राहिलं."

"टोपी बराबर हाय," याडी म्हणाली. "डोकं मोठं हाय तुझं. म्हणून तर असले विचार येऊन राहिले!"

* * *

आता थंडीची परीक्षा राहिली. आमच्याकडे बर्फ कुठला? पण आहे! सिद्धेश्वरच्या धरणावर मासळीच्या पेट्यांत असतो. एका रविवारी उजाडताच आम्ही दोघी स्कूटीवर निघालो. मॅडमच्या अंगात लोकरीचा, माझ्या अंगात पॉलिएस्टरचा. जानेवारीचा वारा असा होता की माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. मॅडमनी वाटेत तीनदा गाडी थांबवून कानाला हात लावला. तिन्ही वेळा म्हणाल्या, "गरम हाय, ताई." तिसऱ्या वेळी त्यांच्या आवाजातली धास्ती गेली होती, आणि मलाही बरं वाटलं.

धरणावर मासे विकणाऱ्या काकांना विचारून आम्ही बर्फाच्या पेट्यांमध्ये बसलो. अर्धा तास बसायचं ठरलं होतं. काका चहा प्यायला गेले. तेवढ्यात औंढ्याकडून आलेल्या जीपमधून एक माणूस उतरला आणि सरळ मॅडमसमोर उभा राहिला.

"रोहू दाखवा. बारके न्हाई पाहिजेत."

मॅडम म्हणाल्या, "आमी मासेवाले न्हाई."

"मग पेट्या सांभाळून काहून बसून राहिल्या?"

टोपी गळ्यापर्यंत आवळलेली बाई सकाळी सकाळी बर्फात का बसते, हे सांगण्यापेक्षा मासे विकणं सोपं होतं. काका चहा पिऊन आले तोवर आम्ही पाच गिऱ्हाइकं केली होती!

खरा निकाल सोमवारी लागला. दोन्ही इनर न धुता वाचनालयात आणले होते. माझा पॉलिएस्टरचा दाराबाहेरच्या खिडकीत ठेवावा लागला, तरी कॉलेजभर मासळीबाजार. लोकरीचा मात्र प्राचार्य येऊन बसतात त्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. ते तासभर त्याला टेकून बसले आणि म्हणाले, "वास कुठून येऊन राहिला हो? बाहेरून का?"

लोकरीचा पक्का झाला.

* * *

निघायला चार दिवस राहिले. हेल्मेट घालून बराच वेळ बसून बघावं, असं मॅडमना वाटलं. त्या दिवशी चाचणी परीक्षेवर त्यांची सुपरव्हिजन होती. इनरची टोपी घातली, वर कांबळे सरांचं हेल्मेट, त्याची काळी काच खाली, आणि गेल्या वर्गावर. आधी पोरं हसली. मग गप्प झाली. पूर्ण पेपरभर कुणी मान वळवली नाही. बाहेर आल्यावर एक पोरगी म्हणत होती, "मॅडम कुणाकडं बघून राहिल्या तेच कळेना गं!" प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी खरोखर विचारलं की हेल्मेट बोर्डाच्या परीक्षेला मिळेल का.

पण मॅडम हसत नव्हत्या. वाचनालयात येऊन त्यांनी हेल्मेट काढलं, टोपी मागे केली, आणि मला कान दाखवला. टोपीची शिवण बरोबर ऑपरेशनच्या जागेवरून जात होती. लाल वळ उठला होता.

"दुखतंय का?"

"ठणकून राहिला."

बदलून मागवायला वेळ नव्हता. मॅडम खुर्चीत बसल्या आणि टोपी हातात चुरगाळत राहिल्या. "एकोणीस वर्षांची होते तवा बी असंच, ताई. आठवडा राहिला होता." कांबळे सर पट्टी घेऊन वळ मोजायला आले होते. त्यांनी ती गुपचूप खिशात ठेवली. त्या दिवशी चार्जिंगला लावलेले सगळे फोन चार्ज होऊन पडले तरी कुणी उठलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तांड्यावर गेले. वाटलं होतं, मॅडमची समजूत काढावी लागेल. बघते तर याडी अंगणात चष्मा लावून बसलेली, मांडीवर काळा इनर, आणि टोपीची शिवण पूर्ण उसवलेली!

"कोनं शिवलं हे?" याडी माझ्यावर ओरडली, जसं काही मीच शिवलं होतं. "कानावर कोन टाका घालतं? त्यायला काय कान न्हाईत?"

तिनं जोड कानाच्या मागे सरकवला होता. कापडाच्या कडा एकमेकींना भिडवून ती वरून टाके घालत होती. सगळे टाके बाहेरच्या अंगाला, आतून बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. याडीच्या तरुणपणी तांड्यावरच्या बायका जड घागरे शिवायच्या, त्यातला टाका. काळा दोरा संपला होता म्हणून लाल आणि पिवळा लावला होता. मॅडम समोर उकिडव्या बसून कापड ताणून धरत होत्या.

मॅडम हळूच म्हणाल्या, "याडी, तू तर जाऊ नको म्हणत होतीस."

"मी आताबी न्हाईच म्हणून राहिले," याडी म्हणाली. "धर ती बाजू नीट."

* * *

मॅडम गेल्या. पहिले काही दिवस मेसेज येत होते, फोन लागत नव्हता. तांड्यावर तर नेटवर्क मुळीच नसतं. मग टूरिंगच्या शेवटच्या दिवशी, बाराच्या सुमाराला, मॅडमचा मेसेज आला: दुपारच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करते, याडीला बोलवा. कांबळे सर मोटारसायकलवर जाऊन याडीला घेऊन आले. हेल्मेट तिच्या डोक्यावर होतं. तिनं ते मागून घेतलं होतं म्हणे.

याडीला माझ्या खुर्चीत बसवलं. फोन पुस्तकांना टेकवून उभा केला. मागे सगळा स्टाफ. कॉल लागला, चित्र थिजलं, गेलं, पुन्हा आलं. सगळं पांढरं. मग मधे मॅडमचा लालभडक चेहरा, हेल्मेट, आणि हेल्मेटखाली मानेपाशी लाल-पिवळे टाके.

"याडी! चढले मी, पूर्ण! आनि उतरले बी! दोनदाच पडले!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. प्राचार्य तर चक्क ओरडले. याडीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"कान दाखव."

"चांगला हाय, याडी."

"दाखव म्हणते ना."

मॅडमनी हेल्मेट काढलं. टोपी मागे सारली. उजवा कान फोनसमोर धरला. याडीनं चष्मा कपाळावर चढवला आणि फोन हातात घेऊन डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली.

"कोरडा हाय?"

"कोरडा हाय. काहीच दुखून न्हाई राहिलं."

याडीनं पदरानं डोळे पुसले. नाक पुसलं. फोनची काच पण पुसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, कारण मलाच कशाला तरी धरावंसं वाटत होतं. मग याडीनं पुन्हा फोनमध्ये बघितलं, आणि अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडली,

"मग एवढ्या बर्फात डोकं उघडं टाकून काहून उभी राहिलीस? झाक आधी तो कान!"