मिनिटाला किती श्वास

दादाच्या घशातली नळी बुधवारी सकाळी काढली. त्याआधी सहा दिवस तो भोरमधल्या एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता. गावी, गुंजवण्याला, भातलावणी चालू असताना त्याने ताप अंगावर काढला. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरल्यावर शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्याला आणावं लागलं. नळी निघाली म्हणजे दादा सुटला, असं मी आणि वहिनी धरून चाललो होतो. सिस्टरने ते पहिल्याच भेटीत खोडून काढलं.

"नळी परत घालायची वेळ आली तर यांना ती झेपणार नाही," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस तेवढंच सांभाळायचंय."

काय काय सांभाळायचं हे तिने हातातलं काम न थांबवता सांगितलं. खाट डोक्याकडून उचललेलीच राहील. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. तोंड आतून पुसून स्वच्छ ठेवायचं. आणि तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सहा दिवस घशात नळी असल्याने गिळणं विसरल्यासारखं झालेलं असतं. पाणी सरळ फुप्फुसात उतरतं.

"मागितलं तर?" वहिनीने विचारलं.

"ओठाला ओला कापूस लावायचा, मावशी. बास."

दादा मागत होताच. आवाज बसलेला होता, पण शब्द कळत. "पाणी दे. वैरीण हायेस का?"

"हाय," वहिनी कापूस लावत म्हणाली. "घरी चला, मग हंडाभर प्या."

आत एका वेळी एकालाच सोडत. मी जाईन तेव्हा खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावरचे आकडे वहीत उतरवून घेई: नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, श्वास. गुरुवारी सकाळी ऑक्सिजन पंचाण्णव होता आणि श्वास वीस. बुधवारी दिवसभर श्वास वीसच होते. आकडे हलत नाहीत याचं मला समाधान वाटलं.

गुरुवारी दुपारी आत्या आंबवड्याहून एसटीने आली. दादाला तिने लहानपणी सांभाळलेलं. वहिनीने आपली आत जायची वेळ तिला दिली. आत्या डोळे पुसत बाहेर आली आणि "वळखलं मला" एवढंच बोलून बाकावर बसली.

तासाभराने दादाला वळवायला हात लागेल म्हणून सिस्टरने वहिनीला आत बोलावलं. दोन-तीन मिनिटांत ती दारात आली.

"भावजी, ह्यांच्या बरगडीखाली खड्डा पडतोय श्वास घेताना. नाकपुड्या बी फुलत्यात. म्हस आजारली की असंच करती. म्या गोठ्यात लई बघितलंय."

मी वही काढली. "वीस आहेत वहिनी. ऑक्सिजन चौऱ्याण्णव."

"तुमच्या वहीत असत्याल. हात ठिवून मोजलंय का कुणी?"

आतून हे ऐकणाऱ्या सिस्टरने वाद घातला नाही. तिने दादाच्या छातीवर तळहात अलगद ठेवला आणि पूर्ण एक मिनिट घड्याळ पाहिलं. चौतीस. मग तिने तक्ता वर उचलून श्वासाचा रकाना पाहिला. वरपासून खालपर्यंत वीस.

"घाईत वीस लिहिलं जातं," ती म्हणाली. "यातले दोन माझे आहेत. ऑक्सिजन शेवटी पडतो. आधी श्वास वाढतात."

न मोजलेला आकडा मीही तसाच उतरवून घेतला होता.

डॉक्टरांना फोन करून ती बाहेर आली आणि तिने सगळ्यांकडे पाहून विचारलं, "तोंडाने काही दिलं का?"

आत्या पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "दोन चमचं दिलं. पानी मागत हुता. मागणाऱ्याला न्हाई म्हनायला माझी जीब उचलली न्हाई."

वहिनी तिच्याकडे वळली. "आत्याबाई, कुठं जाऊ नका. हितंच बसा."

एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी नवा डाग दिसला. डॉक्टरांनी औषध बदललं, हवा जोराने आत ढकलणारा घट्ट मास्क लावला आणि मधूनमधून तो काढून कफ खोकून टाकायला लावा म्हणून सांगितलं. "सहापर्यंत श्वास तिसाच्या खाली आले नाहीत तर नळी घालावी लागेल. अजून ऑक्सिजन टिकून आहे, म्हणून एवढा वेळ हातात आहे."

साडेतीन वाजले होते. सिस्टरने नियम बाजूला ठेवून वहिनीला खाटेजवळ स्टूल दिलं. दर अर्ध्या तासाला वहिनी मोजायची, मग सिस्टर मोजायची, दोन्ही आकडे जुळले की तक्त्यात लिहायचे. मी दारात उभा राहून घड्याळ पाहायचो आणि मोजायची वेळ झाली की सांगायचो. चारला चौतीस. साडेचारला पुन्हा चौतीस.

दादा खोकायला तयार नव्हता. छाती दुखत होती. वहिनीचं ऐकेना, सिस्टरचंही ऐकेना. वहिनी उठून बाहेर आली.

"आत्याबाई, चला. तुमचंच ऐकत्यात ते."

आत्या आत गेली. सिस्टरने मास्क काढला. आत्याने दादाच्या पाठीवर हात ठेवला.

"खोक. पानी मागाया बरं येतंय तुला. अजून. आसं न्हाई, पोटातनं."

दादाने चिडून तिच्याकडे पाहिलं आणि खोकला. सिस्टरने बारीक नळीने तोंडातला कफ ओढून घेतला, मास्क परत लावला. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. पाचला बत्तीस. साडेपाचला तेहेतीस. आत्याने पदर खोचला आणि दादाला परत उठवून बसवायला सांगितलं.

सहाला डॉक्टर आले. तक्ता न पाहता त्यांनी स्वतः मिनिटभर मोजलं. सत्तावीस.

"आत्ता नळी नको," ते म्हणाले.

आत्याने खोचलेला पदर सोडला. वहिनी स्टुलावरून उठली नाही. मला म्हणाली, "साडेसाला सांगा, भावजी."