आयती सेकंड बेसवर

"रेहाना गेली," तिचा भाऊ फोनवर म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठे? बाजारात?"

 गुरुवार होता, लांज्याच्या आमच्या शाळेची मधली सुट्टी. सकाळी तिसऱ्या तासाला तिच्या नंबरवरून मिस्ड कॉल आला होता. एक रिंग द्यायची आणि बंद करायचा, म्हणजे 'मी मोकळी आहे, आता पैसे तुझे,' ही तिची जुनी पद्धत. वर्गात होते म्हणून लगेच फोन केला नाही, पण नाव बघून हसू आलं होतं. भाऊ मग सांगत गेला... पहाटे नमाजाला उठली, डोकं फार दुखतंय म्हणाली, रिक्षा आणेपर्यंत शुद्ध गेली, दवाखान्यात पोचलीच नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली. सकाळचा तो कॉल त्यानेच केला होता, तिच्या फोनवरून एकेकाला कळवत होता. म्हणजे मी हसले तेव्हा ती नव्हतीच. सहा आठवडे झाले, मी अजून त्याच ठिकाणी अडकले आहे. पंचविसावं लागलं होतं तिला.

आम्ही रत्नागिरीच्या शाळेत एका वर्गात होतो. ती मिरकरवाड्याची, वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. लहानपणापासून होडीवरून फेकलेला दोरखंड धक्क्यावर उभं राहून झेलायची, त्यामुळे हात दणकट. मी पालीहून एसटीने यायचे. वडील दुसऱ्यांच्या कलमांच्या बागेत मजुरीला, घरात सातवीपुढे कोणी गेलेलं नाही. दहावी झाली की पुरे, हे ठरलेलं होतं. पण खेळाच्या मोरे सरांनी घरी येऊन सांगितलं, की सॉफ्टबॉलमध्ये राज्य पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर कोल्हापूरच्या एका कॉलेजात खेळाडूंच्या जागेतून प्रवेश मिळतो, वसतिगृह फुकट. वडील म्हणाले, "फुकट असेल तर बघू." त्या 'बघू'वर माझं पुढचं सगळं टांगलेलं होतं. अडचण एकच, मला खेळ यायचा नाही. नऊ जणींत मी नववी बॅटर. रेहाना पहिली बॅटर आणि पिचरही, म्हणजे चेंडू टाकणारी. म्हणजे मी आउट होऊन परत यायचे तेव्हा ती बॅट घेऊन निघालेली असायची, आणि जाता जाता एक टोमणा मारायची. "आलीस? बस, पाणी पी."

१९९८ साली आम्ही विभागाच्या अंतिम सामन्यात पोचलो. जिंकणारा संघ राज्य पातळीवर जाणार, हरणारा घरी. त्या दिवशी मांडवाखाली निवड करणारे दोघे येऊन बसले होते, राज्याच्या शिबिरासाठी चांगल्या बॅटर बघायला. सरांनी रेहानाला सकाळीच सांगून ठेवलं होतं, "तुझ्यावर लक्ष आहे, दोन फटके दाखव." पहिल्या सहा इनिंगमध्ये समोरच्या पिचरने तिला एकही दाखवू दिला नाही. सात इनिंग संपल्या तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती, आणि शेवटची आउट झालेली मी होते. डोळे भरलेले, मी येऊन बसले. तेवढ्यात पंचांनी टायब्रेकर जाहीर केला.

हा नियम तेव्हा आमच्या मुलींना अजब वाटला होता. आज मी माझ्या विद्यार्थिनींना समजावते तेव्हा त्यांनाही वाटतो. बरोबरी लांबत जाऊ नये म्हणून आठव्या इनिंगपासून प्रत्येक संघाची एक रनर आधीच सेकंड बेसवर उभी करतात. न मारता, न धावता, चार बेसांच्या फेरीतली अर्धी वाट चाललेली. आणि ती कोण? तर ज्या बॅटरपासून इनिंग सुरू होणार, तिच्या आधीच्या क्रमांकाची. इनिंग रेहानापासून सुरू होणार होती.

"सुनंदा, सेकंडवर जाऊन उभी राहा," आमची पाळी आली तेव्हा सर म्हणाले.

"पण सर, मी आत्ताच आउट झाले ना?"

"जा गो आयते," रेहाना म्हणाली. "आम्ही मारून मारून मरतो आणि हिला सेकंड बेस घरपोच."

सगळ्या हसल्या. ते नाव मला कायमचं चिकटलं. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, शिक्षिका झाले, तरी तिच्या तोंडी मी 'आयती'च राहिले.

समोरच्या संघाची रनर आमच्या आधी सेकंडवरून निघाली होती, पण रेहानाच्या पिचिंगपुढे तिसऱ्या बेसवरच राहिली. आम्हाला एक रन हवी होती, आणि ती मी काढायची होती. मी, जी आदल्या दिवशी उंच गेलेला चेंडू बघून वेड्यासारखी धावत सुटले होते. चेंडू झेलला तर रनरला आपल्या बेसवर परत यावं लागतं, हे मला पाठ होतं. पण चेंडू हवेत गेला की माझे पाय ऐकायचे नाहीत. समोरच्यांनी झेल घेतला, चेंडू बेसवर फेकला, एका चेंडूत मारणारी आणि मी, दोघी आउट.

रेहाना उभी राहिली. सरांच्या दोन खुणा होत्या. टोपीला हात म्हणजे जोरात मार, कान पुसला म्हणजे बंट, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू पायाशी पाडायचा. तिने बॅट आडवी धरली. चेंडू दोन हातांवर पडला, मी खाली मान घालून तिसऱ्या बेसवर पोचले, ती पहिल्यावर आउट झाली. पुढच्या मुलीने जमिनीलगत चेंडू काढला आणि मी घरी, म्हणजे होम बेसवर, आले. आम्ही जिंकलो.

परतीच्या गाडीत सर पुढच्या सीटवर तोंड वळवून बसले होते. मी रेहानाला विचारलं, "तुला मारू दिलं नाही का गो?" ती म्हणाली, "सरांनी कान पुसला, मी काय करू?" शिबिराच्या यादीत तिचं नाव आलं नाही. राज्याच्या पहिल्याच सामन्यात आम्ही सपाटून हरलो, पण प्रमाणपत्र मिळालं. मी कोल्हापूरला गेले. बारावीनंतर तिचं लग्न झालं, नवरा कुवेतला. सुट्टीत भेटले की म्हणायची, "काय आयते, किती शिकशील? आमच्या वाट्याचं पण शिकतेस काय?"

ती गेली त्या दिवशी मी पोचेपर्यंत तिला नेलेलं होतं. तोंडही दिसलं नाही. तिच्या अम्मीजवळ बसून होते. बाहेर पडले तर गल्लीच्या तोंडाशी मोरे सर उभे होते, आता निवृत्त झालेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सर, त्या दिवशी तुम्ही तिला मारू दिलं असतं तर तिची निवड झाली असती."

 "मी टोपीला हात लावला होता," सर म्हणाले. "मारायचीच खूण होती. ते दोघे समोर बसलेले असताना मी तिला बंट कशाला सांगेन?"

मी तिथल्याच एका पायरीवर बसले.

"मी तिला फार बोललो होतो, तुम्ही गाडीत चढत होता तेव्हा," सर म्हणाले. "विचारलं, का केलंस? तर म्हणते, सर, सेकंडवर सुनी होती. चेंडू वर गेला असता तर ती पळाली असती. खाली पडला की तिला नुसतं धावायचं असतं."

नऊ वर्षं... नऊ वर्षं तिने मला 'आयती' म्हटलं आणि हे सांगितलं नाही. मला तिला विचारायचं आहे, की तिला फक्त सामना जिंकायचा होता, की पालीच्या घरातला तो 'बघू'ही तिला माहीत होता? एसटीच्या थांब्यावर मी तो तिला कधी सांगितला होता का, तेही आठवत नाही.

नंतर सरांनी त्या सामन्याची स्कोअरची वही मला दिली. आठव्या इनिंगच्या रकान्यात, सगळ्यांत खाली, माझा चौकोन आहे. रनर कुठून कुठे गेली ते दाखवणारी पेन्सिलची रेघ त्यात सेकंड बेसपासूनच सुरू होते. आधीचं काही नाही. रेघ घरापर्यंत आली आहे. सगळ्यांत वर रेहानाचा चौकोन. त्यात सरांनी रागाने दाबून 'आउट' लिहिलं होतं. नंतर ते खोडून बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'आउट. सुनंदा तिसऱ्यावर.' खोडल्यामुळे कागद तिथे पातळ झाला आहे. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती जागा सापडते.