जाळीतला भाऊ

आबा सैन्यातून निवृत्त झाले तेव्हा माझं कॉलेज चालू होतं, म्हणून साताऱ्याला परत जाणं लांबलं. कॅन्टोन्मेंटमधलं क्वार्टर सोडून आम्ही नोएडात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर घेतलं. पलीकडच्या सेक्टरमध्ये उंच टॉवर उभे राहत होते, तिथे आबांना सेफ्टी सुपरवायझरची नोकरी मिळाली. वर चढणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे ना, कमरेला पट्टा आहे ना, आणि इमारतीच्या बाहेरच्या अंगाला काम चालतं त्याच्या खाली जाळी ताणलेली आहे ना, हे बघायचं. रोज सकाळी ते जाळीची एकेक गाठ ओढून बघत. मजूर त्यांना ‘जालवाले साहब’ म्हणत. पट्ट्याची सगळ्यांना अडचण वाटायची, पण आबांपुढे कोणी बोलत नसे.

त्यांच्यात कटिहारकडचे दोन भाऊ होते, शटरिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या लोखंडी प्लेटा बसवायचं आणि काढायचं काम करणारे. थोरला अबोल, धाकटा सारखा बडबडणारा. धाकट्याला फौजेत जायचं होतं, पण भरतीत छाती कमी भरली. म्हणून तो आबांना फौजेतल्या गोष्टी विचारत बसायचा. दिवाळीत आबांनी दोघांना घरी जेवायला बोलावलं. आईच्या करंज्या बघून धाकटा ओरडलाच, “अरे, ये तो हमारी पिड़किया है!” थोरला नुसता हसला. जाताना तो आईच्या पाया पडला आणि म्हणाला, “छठ को घर जाएँगे, तो आपके बारे में बताएँगे.” ते गेले, आणि छठची पूजा आटोपून परतही आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, थंडी पडायला लागली होती तेव्हा, मी दुपारी आबांचा डबा घेऊन साइटवर गेले. आबा ठेकेदाराच्या मुन्शीशी भांडत होते. क्रेननं लोखंडी पाइप वर घ्यायचे म्हणून सकाळी एका बाजूची जाळी अर्धी सोडली होती, ती अजून बांधली नव्हती.

“जब तक जाल नहीं बँधेगा, उस तरफ आदमी नहीं चढ़ेगा,” आबा म्हणत होते.

“हो जाएगा साहब, लंच के बाद. सिर्फ दो प्लेट खोलनी हैं, लड़के ऊपर हैं.”

आबांनी वर पाहिलं. परांचीवर दोघे भाऊ उभे होते, पट्ट्यांचे हुक कुठेच न अडकवता. आबांनी शिट्टी तोंडाला लावली, आणि तेवढ्यात फळी सरकली.

धाकटा जाळीत पडला. जाळी खोल गेली, वर आली, आणि तो तिच्यात पाळण्यातल्या पोरासारखा हेलकावत राहिला. मग तो हसायला लागला. हात वर करून ओरडला, “बच गए! भैया, बच गए!” भावाला शोधत तो वर बघत होता. वर कोणी नव्हतं. मग त्यानं कूस बदलली आणि जाळीच्या भोकांतून खाली पाहिलं. खाली आबा गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी अंगातला स्वेटर काढून थोरल्याच्या तोंडावर टाकला होता.

धाकट्याला बाहेर काढायला गेलेल्या माणसांना तो हात लावू देईना. दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवून पडून राहिला. शेवटी आबा जिना चढून जाळी बांधलेल्या मजल्यावर गेले. पट्टा लावून बाहेर वाकले आणि त्याच्याशी चक्क मराठीत बोलायला लागले. “सोड बाळा, सोड. मी धरलंय तुला.” त्याला शब्द कळले नसतील. पण त्यानं एकेक बोट सोडलं.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो आबांपुढे फोन धरून उभा राहिला. “भाभी को आप बता दीजिए. मुझसे नहीं होगा.” सैन्यात असताना आबा असा निरोप घेऊन काही घरी गेले होते. तिथे सांगायला निदान काहीतरी असायचं. आबांनी फोन घेतला आणि आपल्या फौजी हिंदीत सांगितलं. पलीकडून भाभीचा आवाज इतका चढला की शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आला. “लेकिन वो तो कहते थे, नीचे जाल लगा है!”

“लगा था बेटी,” आबा म्हणाले. “पूरा नहीं था.”

पोलीस आले तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. जाळी कोणी सोडली, कामाला कोणी चढवलं, सगळं. दुसऱ्याच दिवशी ठेकेदारानं कळवलं की उद्यापासून येऊ नका. पुढे त्या टॉवरला चारही बाजूंनी नवीकोरी हिरवी जाळी लागली. आबा त्या रस्त्यानं जाणं टाळायचे.

धाकटा भावाचं प्रेत घेऊन गावी गेला, त्यानंतर पुढच्या हिवाळ्यात एकदाच आमच्याकडे आला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, द्वारकेत फरशा बसवतो म्हणाला. आमचे दोन जिने तो भिंतीला हात लावत चढला होता, दारात आला तेव्हा कपाळावर घाम होता. आबा लगेच उठले. “चलो, नीचे धूप में बैठते हैं.” खाली पार्कच्या गवतावर ते दोघे बसले. मी चहा खाली नेऊन दिला. वर येऊन गॅलरीतून बघत राहिले. मध्येच धाकटा काहीतरी बोलला आणि आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याला शेअर ऑटोत बसवून आबा वर आले. आईनं विचारलं, “काय म्हणत होता?”

“झोप लागत नाही म्हणतो.”

चपला काढून कोपऱ्यात ठेवत ते म्हणाले, “मी म्हटलं, मलाही.”