बकरीनं खाल्लेला मोजा

"दादा, तो माणूस शेवटी घरी पोचते का गा?"

हे मी माझ्या मोठ्या भावाला विचारलं होतं. आमच्या विणकर वस्तीच्या समाजभवनात दाखवायला त्यानं एक परदेशी सिनेमा आणला होता. लढाईत गाव सुटलेला एक शिंपी थंड मुलखात एका म्हातारीकडे आसऱ्याला राहतो, त्याची गोष्ट. दादा म्हणाला, "रविवारी पाहू." बुधवारी तापात दादाच गेला.

त्या सिनेमापायी माझी काय फजिती झाली ते ऐका. हसा खुशाल, मला चालतं.

महिन्यानं दादाचा दोस्त बंडू म्हणाला, "त्यानं आणलेला सिनेमा दाखवूनच टाकू." आई महिनाभर खाटेवरून उठली नव्हती, जेवणाला नाव नाही. ती चक्क साडी बदलून निघाली! म्हणाली, "दादा कानात सांगे. आता तू सांग."

पडद्याखालच्या इंग्रजी ओळी दादा वाचायचा आणि आईला मराठीत सांगायचा. आणि मी? पाचवीतून पळालेला! जरीपटक्याच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलतो, त्यावरचे आकडे तेवढे वाचतो. पण नाही कसं म्हणू? ती पुन्हा खाटेवर जाऊन पडली तर?

सुरुवातीला दोन शब्द बोलायला मला माईक दिला. मी काय बोललो ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग बटण दाबलं, लाल दिवा लागला. लाल म्हणजे बंद, नाही का? माईक मांडीवर ठेवून आईजवळ बसलो, शेवटच्या रांगेत, कूलरला चिकटून. कूलर कसला, राइस मिलच ती, नुसती घरघर!

शिंपी फोनवर बोलू लागला. आईनं मनगट धरलं. "काय म्हणते गा?"

ओळी भराभर पळत होत्या. मला घाम फुटला. तोंडातून निघालं, "आई, मी सुखरूप आहो. काळजी नको करू."

पुढे खुर्च्यांवर कॉलेजचे पोट्टे खो-खो हसले. सतरंजीवरच्या बाया हुंदके देऊ लागल्या.

"काकू, रडता काहून? बकरीनं मोजा खाल्ला म्हणून सांगून राहिला तो!"

"चूप रे मुडद्या! पोरगा मायशी बोलून राहिला अन् तुले हसू येते?"

माझी पाचावर धारण बसली. बायांना माझं कसं ऐकू गेलं? पण आई विचारतच होती, मी सांगतच होतो. शिंपी भांडला, मी म्हटलं, "इथं थंडी हाय, पण पांघरूण हाय." शिंपी शिंकला, मी म्हटलं, "आई, तू जेवत जा."

हळूहळू पोट्ट्यांचं हसू थांबलं. अख्खा हॉल वळून माझ्याकडे पाहू लागला.

बंडू धावत आला. "अबे, माईक चालू हाय!"

मेलो! साऱ्या वस्तीसमोर अडाणीपणा उघडा! पळणारच होतो. तेवढ्यात शिंपी एका दारापाशी थांबला, पडदा काळा झाला आणि पांढरी अक्षरं आली. आईनं मनगट सोडलं नाही.

"सांग ना गा. पोचला का तो?"

मी माईक तोंडाशी धरला, अक्षरांकडे बोट दाखवलं. "पोचला, आई. आताच पोचला. जेवला बी."

आईनं डोळे पुसले. "बरं झालं. चाल, मले बी भूक लागली."

बंडू माझ्या कानाशी वाकला. "गाढवा, ते तर सिनेमातली बकरी सांभाळणाऱ्याचं नाव—"

मी माईकचं बटण दाबलं. त्या दिवसातलं तेवढंच बरोबर दाबलं.