पत्र्याआडचं तेल

कुणाचं कौतुक करायला माझी जीभ सहजासहजी वळत नाही. राजूरजवळच्या अकोले गावात माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि दिवसभर ड्रायव्हर लोकांच्या बढाया ऐकून माझे कान किटलेत. म्हणून जांभूळदऱ्याची चांगुणा इंजिन ऑईलचा कॅन, फिल्टर आणि तांब्याचा वायसर घ्यायला यायची आणि "तेल आमचं मालकच बदलत्यात" म्हणायची, तेव्हा मी नुसती मान हलवायचो. मनात म्हणायचो, चालू दे बाई तुझं. कारण तिचा नवरा भीमा ठार आंधळा.

या भीमाने ऐन उमेदीची सगळी वर्षं त्या डोंगरात जीप चालवली. काचबिंदूने आधी रस्त्याकडेची झाडं नेली, मग रस्ता नेला. गाडी विकायचं घाटत होतं तेव्हा त्याने बायकोला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि अख्खा उतार तिला तोंडी शिकवला. हात बसल्यावर म्हणाला, "आता गाडी तू चालव. तेल मातर मीच बदलनार." तेव्हापासून वाडीची दुधाची किटली, शाळेची पोरं, दवाखान्याची माणसं, सगळं चांगुणाच राजूरला नेते-आणते.

यंदा दिवाळी उरकल्यावर मी एक जुनं डिझेल इंजिन बघायला जांभूळदऱ्याला गेलो आणि मुक्कामी राहिलो. सकाळी खाली यायला जीप एकच, आणि नेमकं त्या दिवशी तिचं तेल बदलायचं होतं. म्हटलं, आज बघूच या मालकांची करामत.

चांगुणाने इंजिन जरा गरम करून पुढची चाकं दोन सपाट दगडांवर चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना धोंडे लावले आणि ती चुलीकडे निघून गेली. भीमा पोतं अंथरून गाडीखाली सरकला. त्या वाटेवर दगड असे वर आलेले, की साध्या गाडीचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, पहिल्याच फेरीत फुटावं. म्हणून भीमाने चेंबरखाली जाड लोखंडी पत्रा बसवून घेतलाय. तेल बदलायचं तर आधी तो उतरवावा लागतो. गॅरेजात त्याला दोन गडी लागतात.

भीमाने पाय दुमडून दोन्ही नडग्या पत्र्याला खालून टेकवल्या आणि एकेक बोल्ट सोडवत गेला. शेवटचा सुटला तसा तो अवजड पत्रा त्याच्या पायांवर आला. बाळंतिणीच्या खोलीत म्हातारी बाळाला पायांवर घेते, अगदी तसा त्याने तो पेलला आणि हळूहळू जमिनीवर टेकवला. पत्रा आणि इंजिनाच्या मध्ये वाळकं गवत आणि नाचणीचं काड गच्च बसलेलं. वाडीतले लोक कणसं झोडपायचा कंटाळा करून रस्त्यावर पसरतात ना, जीपच्या चाकाखाली मळून निघावीत म्हणून! तो सगळा पेट घेणारा माल भीमाने बोटांनी उकरून काढला.

मग चेंबरच्या तळाचा बोल्ट काढून जुनं तेल घमेल्यात सोडलं. त्या बोल्टाखालून तेल झिरपू नये म्हणून घालायची तांब्याची चकती, म्हणजे नवा वायसर, हरवू नये म्हणून त्याने तो अंगठीसारखा करंगळीत घातला. मी उकिडवा बसून डोळे फाडून बघत होतो आणि माझ्या तोंडाला मात्र उसंत नव्हती. हे कसं कळतं, ते कसं लागतं, पत्रा कुठून आणला.

"हा दुसरा हाय, शेठ," तो खालून म्हणाला. "पयला धोंड्यावर आपटून वाकला. त्यो बघा, जांभळीला टांगलाय. जीप निघायची झाली की बडवतो मी. रानातली मानसं आवाजानं येत्यात."

बोलता बोलता त्याने बोल्ट आवळला, फिल्टर बदलला आणि वर येऊन नवं तेल ओतलं. पुन्हा खाली जाऊन बोल्टाभोवती बोट फिरवलं. कोरडं होतं. पत्रा परत पायांवर घेऊन चढवला. घमेल्यातलं काळं तेल न्यायला बायका डबे घेऊन उभ्याच होत्या. घराच्या मेढींना, म्हणजे लाकडी खांबांना, वाळवी लागू नये म्हणून ते फासतात. भीमाने जांभळीखाली जाऊन पत्रा बडवला, चार माणसं धावत आली आणि आम्ही निघालो. मी चांगुणाच्या शेजारी बसलो होतो. खरं सांगतो, मला स्वतःच्या डोळस असण्याचीच लाज वाटायला लागली होती.

पहिलं वळण आलं. चांगुणाने वेग कमी केला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी तशीच पुढे काढली.

थोडं खाली गेलो असू, तेवढ्यात वरून ठणाणा आवाज यायला लागला. पत्रा बडवल्याचा. मागे बसलेले म्हणाले, "आता कोन ऱ्हायलं आनि?" पण चांगुणाचा चेहरा पार उतरला. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, पदर खोचला आणि सरळ जीपखाली गेली. पत्र्याच्या बाजूला, काठाजवळ जरा उंचावर एक भोक आहे, त्यातून तिने दोन बोटं आत घातली. बाहेर आली तेव्हा बोटांवरून मधाच्या रंगाचं नवं तेल ओघळत होतं.

गाडीखाली जमिनीवर एक थेंब नव्हता. गळेल ते सगळं पत्र्यात साठत होतं. डॅशबोर्डवरचा तेल संपल्याचा दिवा पेटेपर्यंत आम्ही घाटाच्या मध्यावर असतो, आणि तिथे इंजिन जाम झालं असतं तर वाडीची एकुलती एक गाडी संपली होती. कदाचित आम्हीही.

"दर बारीला तेल बदललं की मी पयल्या वळनावर थांबती," ती हात पुसत म्हणाली. "बोटं घालून बघती. आजवर कदी गळलं न्हाई. पन त्यांना सांगितलं न्हाई मी. हातात येवढं एकच काम ऱ्हायलंय त्यांच्या. बायकू मागनं तपासती म्हनल्यावर काय वाटंल?"

"मग आज का नाही थांबलीस?"

"तुमी हुता ना. परक्या मानसापुढं नवऱ्याची लाज काढायची व्हय?"

तेवढ्यात कारवीच्या झुडपांतून खसफस झाली आणि काठी टेकत, आडवाटेने, भीमा खाली उतरला. ती वाट मला दोन डोळ्यांनी उतरवली नसती. त्याने डावा हात पुढे धरला होता आणि करंगळी ताठ ठेवली होती. करंगळीत वायसर तसाच होता. माझ्या बडबडीच्या नादात तो बोल्टाला घालायचा राहून गेला होता. नवं तेल गार असताना जाड असतं, लगेच झिरपत नाही, म्हणून बोट फिरवलं तेव्हा कळलं नाही.

"हात धुताना लागला बोटाला," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चांगुणा, वळनावर थांबली न्हाईस आज."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुमाला ठावं हाय?"

"इतकी वर्सं ऐकतुया. वळनावर इंजिन बंद हुतंय, जरा येळानं चालू हुतंय. मंगच मी आंघुळीला जातो."

"मग कदी बोलला न्हाई?"

"तू तरी कुटं बोललीस?"

मी दुकानात रोज हजार गोष्टी ऐकतो, पण असं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच बॉनेट उघडायला गेलो.

भीमा पोतं न अंथरताच खाली सरकला. या खेपेला चांगुणाही त्याच्या बाजूला आडवी झाली. पत्रा चार पायांवर उतरला. बोल्ट काढून एका रिकाम्या डब्यात तेल धरलं, वायसर घातला, बोल्ट आवळला, फडक्याने गाळून तेच तेल परत ओतलं आणि पत्रा पुसून पुन्हा चढवला. मी जवळ असून एक शब्द बोललो नाही.

"बसा की गाडीत, राजूरला चला," ती त्याला म्हणाली.

"नगं. फुडच्या वळनावर थांब."

पुढच्या वळणावर ती थांबली. इंजिन बंद केलं, सगळ्यांसमोर खाली गेली आणि भोकात बोटं घातली. बाहेर येऊन तिने हात माझ्यापुढे धरला. कोरडा होता. मी वर बघितलं. आम्ही सोडला तिथेच भीमा काठीवर दोन्ही हात ठेवून, मान आमच्या बाजूला कलती करून उभा होता.

चांगुणाने स्टार्टर मारला. इंजिनाचा आवाज वर पोचला तेव्हा तो वळला आणि घराकडे चढायला लागला.