इतिहासाचा एक पेपर

अख्ख्या विद्यापीठात माझ्या या वर्गमित्राइतका मन लावून नापास होणारा विद्यार्थी झाला नाही, होणे नाही. पालघरला आम्ही बी.ए.ला बरोबर होतो. मी पास होऊन त्याच कॉलेजात मास्तर म्हणून चिकटलो. हा पठ्ठ्या वाणगावहून बोईसरच्या कारखान्यात पाळीला जाई आणि इतिहासाचा एक पेपर दर वर्षी नेमाने राखून ठेवी. अभ्यासक्रम बदलले, प्राचार्य बदलले, कॅन्टीनचा वडा निम्म्यावर आला, याचा पेपर जागच्या जागी. परीक्षा आली की रजा टाकून, गुळगुळीत दाढी करून, दोन पेनं घेऊन हजर. आत मला "सर" म्हणे, बाहेर आल्यावर "काय रे टकल्या".

लोकांना वाटे, याला डोकं नाही. अहो, डोकं होतं म्हणूनच! पासाला चाळीस लागत. ग्रेस मार्कांनी चुकून तरायला नको म्हणून हा बेताने तिसाचंच लिही, पण असं सुरेख की वाचत राहावं. मग पेन मिटून खिडकीबाहेर बघत बसे. एकदा पर्यवेक्षक मीच होतो. हळूच म्हटलं, "अरे, लिही ना पुढचं." तर म्हणतो, "सर, परीक्षेत बोलायचं नसतं."

शेवटी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "कंपनीत आमाला कोन काय विचारत नाय रे. हे उचल, ते ठेव. हितं तीन तास मलाच विचारतात, आनि मी लिवलेलं कोनतरी बसून वाचतो. पास झालो तं कोन विचारील?"

आणि मागच्या वर्षी घात झाला. प्रश्न आला, इंग्रजांचे जंगल कायदे आणि डोंगरातली माणसं. आजाकडून ऐकलेलं सगळं वर आलं आणि याचा हातच थांबेना. दोन पुरवण्या लावल्या. पहिल्या वर्गात पास! गड्याने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला, मार्क कमी करून मिळावेत म्हणून. मार्क आणखी दोनाने वाढले. "तुमच्याकडं न्याय नाय," मला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मला हसताही येईना.

यंदा पेपरच्या दिवशी तो सवयीने आलाच, दाढीबिढी करून. हॉलतिकीट नाही म्हणून शिपायाने आत सोडलं नाही. पेपर सुटल्यावर मी खाली आलो, तर पायरीवर बसलेला. "दाव पेपर," म्हणाला. सावकाश वाचला. "तिसरा प्रश्न झ्याक हाय."

मी शेजारी टेकलो आणि म्हटलं, "सांग."

शिपाई फाटक लावायला आला, तेव्हा याचं निम्मं उत्तर अजून व्हायचं होतं.