दोरीवरचे ओले कपडे

माधव झोपेतच गेला, असं वहिनींनी फोनवर सांगितलं आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की असं शांत मरणही यालाच मिळालं... फौजेत आम्ही एकाच तुकडीत अधिकारी होतो, निवृत्तीनंतर जयपूरला विद्याधर नगरात शेजारी राहिलो, आणि एवढा सगळा काळ मी त्याचा हेवा केला.

तेराव्याला त्याच्या नातीने मला गाठलं. "आजोबा, आबा मतलब खरंच लढाईत घाबरले होते? सगळे अंकल हसून सांगतात."

ती गोष्ट पसरवली मीच. सरहद्दीपलीकडच्या एका गावात शत्रूची तोफ दडली होती. गाव रिकामं आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. माधव पुढे टेकडीवर दुर्बीण घेऊन होता. त्याने इशारा द्यायचा आणि मागे मी तोफा डागायच्या. वायरलेसवर तो म्हणाला, "थांब. तोफेजवळच्या घरासमोर दोरीवर लहान मुलांचे कपडे आहेत."

"पळताना विसरले असतील!"

"अरे, पाणी ठिबकतंय त्यांतून."

त्याने इशारा दिलाच नाही. तोफ निसटली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच गोळ्याने आमच्या एका जवानाचा पाय गेला. पुढे गाव हाती आलं, तेव्हा त्या घरातून बायकामुलं बाहेर पडताना मी स्वतः पाहिली. तरीही चौकशीत म्हणालो, कपड्यांचं काही ऐकू आलं नाही, त्याचा आवाज मात्र कापत होता. त्याची बढती अडली, माझी झाली. टेकडीवर मी असतो तर ते कपडे पाहूनही इशारा दिला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. एकदा त्याला विचारलं, "पश्चात्ताप होत नाही तुला?" म्हणाला, "त्या जवानाचं वाईट वाटतं. दर दिवाळीला जाऊन येतो त्याच्याकडे. पण पुन्हा तसंच करीन." त्याच्या दुःखाचाही मला हेवा वाटला.

"आबा घाबरले नव्हते बेटा," मी नातीला म्हणालो, "मी खोटं बोललो."

"मग हे आबा असताना का नाही सांगितलं?"

तेव्हा नाही सांगितलं, म्हणून आता हे लिहितो आहे.

माधव गाडी मागे घेण्याआधी दरवेळी खाली उतरून मागे पाहून यायचा. आरसा कशाला आहे मग, असं मी चिडवायचो. "आरशात बुटकी पोरं दिसत नाहीत रे," म्हणायचा. काल वहिनींनी त्याची गाडी बाहेर काढून द्यायला बोलावलं. गाडी सुरू केली, मागे घेऊ लागलो, आणि मग आठवलं. थांबवून उतरलो. मागे कोणी नव्हतं. त्याला हे कधी आठवावं लागलं नसेल...